चोर्ला घाट, जड नाकाची गाडी आणि मागचा अँटी-रोल बार

कणकुंबीमार्गे · ६ जुलै

नमस्कार. कामानिमित्त मला दर पंधरा दिवसांनी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला या मार्गाने म्हापशाला जावे लागते. गाडी आठ वर्षांची डिझेल हॅचबॅक असून ७२,००० किलोमीटर चालली आहे. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली रचना) आणि अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचा कल कमी करणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा आहे, मागे मात्र साधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारी, पीळ घेणारी तुळई आहे आणि वेगळा बार नाही.

चोर्ल्याच्या उतारावर वळण जसजसे आवळत जाते, तसतसे गाडीचे नाक बाहेरच्या कडेकडे सरकते आणि मला स्टिअरिंग आणखी आणखी वळवत राहावे लागते. शिवाय गाडी एका बाजूला इतकी कलते, की मागच्या सीटवर बसलेल्या आईला कणकुंबी येण्याआधीच मळमळू लागते. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींचे म्हणणे असे, की मागे स्टॅबिलायझर बार, म्हणजेच अँटी-रोल बार, टाकला तर दोन्ही तक्रारी एकदम मिटतील. या बारने खरोखर काय साधते, तो कुठून घ्यावा की इथेच करून घ्यावा, आणि पुढे पासिंगच्या वेळी त्याचा त्रास होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणी_नाका · ६ जुलै

डोळे झाकून बसवा. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सेदानला तयार बार बसवून घेतला आणि तेव्हापासून तवंदी आणि वंटमुरी हे दोन्ही घाट मला घाट वाटेनासे झाले आहेत. मागची चाके रस्त्याला चिकटून राहतात, गाडी कलत नाही आणि स्टिअरिंग जितके वळवावे तितकीच गाडी वळते.

वडाप · ६ जुलै

डोळे झाकून बसवायला हरकत नाही, घाटात तेवढे उघडे ठेवा म्हणजे झाले.

तिसरे_गेट · ७ जुलै

धागाकर्त्यांना माझी विनंती आहे, की बारवर एक रुपयाही खर्च करण्याआधी त्यांनी आहे त्या गाडीची तपासणी करून घ्यावी. ७२,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे शॉकअप, तेही आपल्या रस्त्यांवर, अजून धडधाकट असतील असे मला वाटत नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे '३२१९' असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाके बाहेर सरकण्याचे ते एक अगदी साधे कारण असते. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरून पाहावी. मागचा बीम ज्या दोन मोठ्या बुशांवर (रबरी सांध्यांवर) झुलतो, ते फाटले आहेत का हेही पाहावे.

दुसरे असे, की शॉकअप आणि बार यांची कामे वेगळी आहेत. गाडी किती वेगाने कलते यावर शॉकअपचा ताबा असतो, आणि शेवटी किती कलते हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर गाडी झोकांड्या खात असेल, तर दोष बहुधा शॉकअपचा असतो. लांब, एकसारख्या वळणावर ती खूप कलून स्थिर राहत असेल, तर मग बारचा विचार करावा.

उद्यमबाग_लेथ · ७ जुलै

बार कुठे करून घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण उद्यमबागेत माझे छोटे वर्कशॉप आहे आणि असे तीन-चार जण दरवर्षी नमुना घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेकांना मी परत पाठवतो. कारण सांगतो.

अँटी-रोल बार ही पीळ घेणारी स्प्रिंग आहे, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप उलगडते. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की बारला पीळ बसतो आणि तो पीळ सोडवून घेण्याच्या धडपडीत बार गाडीला सरळ करू पाहतो. दोन्ही चाके एकदम वर गेली, तर त्याला पीळच बसत नाही आणि तो गप्प राहतो. भरीव बारचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरचा बार घातला, तर हाताला फरक फक्त दोन मिलिमीटरचा लागतो, पण ताठरपणा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. 'जरा जाडच घाला, टिकाऊ होईल' असे म्हणणारे गिऱ्हाईक नेमके काय मागत आहे हे त्यालाच ठाऊक नसते.

पोकळ नळीचे गणित आणखी मजेदार आहे. बाहेरून २२ मिलिमीटर आणि आतून १६ मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर २२ मिलिमीटरच्या भरीव बारच्या तुलनेत वजन ४७ टक्के भरते आणि ताठरपणा मात्र ७२ टक्के मिळतो, कारण पिळाला विरोध करण्याचे बहुतेक काम बाहेरचा थर करतो आणि गाभा जवळजवळ फुकटचे ओझे असतो.

पोलादाबद्दलही एक गैरसमज दूर करतो. चांगले स्प्रिंग स्टील वापरले म्हणजे बार अधिक ताठ होतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात साध्या पोलादाचा आणि स्प्रिंग स्टीलचा पिळाविरुद्धचा गुणांक जवळपास सारखाच, म्हणजे ८० गिगापास्कलच्या आसपास असतो. फरक पडतो तो टिकण्यात. साध्या सळईचा बार एखाद्या खोल खड्ड्यात पिळला की तसाच पिळलेला राहतो किंवा काही महिन्यांत वाकाच्या जागी तडकतो. नीट पाणी दिलेले (तापवून एकदम थंड करून कडक केलेले) स्प्रिंग स्टील तोच पीळ लाखो वेळा सोसते. वाकवणे, पाणी देणे आणि मग तापवून त्याचा ठिसूळपणा काढणे हे सगळे एकाच बारसाठी नीट करून देणे मला परवडत नाही, आणि अर्धवट करून देणे मनाला पटत नाही. तुमच्या मॉडेलसाठी केलेला तयार बार मिळत असेल तर तोच घ्यावा.

निवृत्त_मास्तर · ८ जुलै

निपाणीकरांचा अनुभव खरा असेल, परंतु त्यांनी दिलेले कारण चुकीचे आहे, आणि घाटात हे कारण चुकीचे समजणे महागात पडू शकते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

समजा गाडीचे वजन ११०० किलो आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर आहे. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ती वळणावर बाहेर फेकली जात असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे २०० किलो भार सरकतो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि वळण्याचा जोर यांवर अवलंबून आहे. तुम्ही कितीही जाड बार घाला, ते २०० किलो जवळजवळ तेवढेच राहतात. बार फक्त वाटणी बदलतो. आधी पुढच्या आसावर १२० आणि मागच्या आसावर ८० किलो सरकत असतील, तर मागे बार घातल्यावर कदाचित १०५ आणि ९५ अशी वाटणी होईल.

आता टायरचा स्वभाव पाहा. टायरवरचा भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या आसावर आतल्या आणि बाहेरच्या चाकांतल्या भाराची तफावत वाढते, त्या आसाची एकूण पकड घटते. मागचा बार मागच्या चाकांची पकड कमी करतो आणि त्या मोबदल्यात पुढच्या चाकांचा बोजा हलका करतो. डिझेल हॅचबॅकमध्ये साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढच्या चाकांवर असल्यामुळे ती आधीच थकलेली असतात आणि मागच्यांकडे पकड शिल्लक असते. त्यामुळे हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो. परंतु तो सौदा आहे, याचे भान ठेवावे.

निपाणी_नाका · ८ जुलै

मास्तर, आकडेमोड मान्य आहे, पण मला दोन वर्षांत एकदाही मागची चाके सुटल्यासारखी वाटली नाहीत. कागदावर पकड कमी झाली असेल, रस्त्यावर मला ती वाढलेलीच जाणवते.

निवृत्त_मास्तर · ८ जुलै

आपली जाणीव खोटी नाही. आधी पुढची चाके हद्दीला लवकर पोहोचत होती, आता थोडी उशिरा पोहोचतात, आणि चालकाला स्टिअरिंगमधून पुढच्या चाकांचीच बातमी मिळत असते. मागच्या चाकांकडे जी शिल्लक होती ती आपण खर्च केली आहे. वंटमुरीच्या रुंद, कोरड्या रस्त्यावर ती शिल्लक मोडण्याची वेळ येत नाही.

जांबोटीकर · ९ जुलै

ती वेळ आमच्याकडे येते. मास्तरांनी लिहिलेले मी स्वतः भोगले आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या हॅचबॅकला मिळाला तो सर्वांत जाड बार बसवला होता. उन्हाळाभर गाडी अशी वळायची, की मी भेटेल त्याला तिचे कौतुक ऐकवत असे. नंतर पाऊस लागला. कणकुंबीच्या बाजूला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना रस्त्यावर वाहून येणाऱ्या तांबड्या मातीचा थर वेगळा सांगायला नको. उताराच्या एका डाव्या वळणावर समोरून ट्रक आला, मी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, आणि त्या क्षणी गाडीचा सगळा भार पुढे झुकून मागची बाजू हलकी झाली व उजवीकडे घसरत निघाली. स्टिअरिंग उलट फिरवून गाडी कशीबशी सावरली. गाडीला ओरखडाही आला नाही, पण पुढचा अर्धा तास मी रस्त्याच्या कडेला नुसता बसून होतो.

बार घालण्याआधी याच प्रसंगी गाडीचे नाक थोडे बाहेर गेले असते आणि पाय काढल्यावर ते आपोआप आत आले असते. नाक सरकणारी गाडी घाबरलेल्या माणसाला माफ करते. कंपन्या गाड्या अशा मुद्दाम बनवतात, हे मला त्या दिवशी समजले. आता माझ्याकडे पातळ बार आहे आणि मागचे टायर मी पुढच्यांइतकेच चांगले ठेवतो. अर्धे झिजलेले टायर मागे ढकलून नवे पुढे घालण्याची आपल्याकडची सवय मागचा बार असलेल्या गाडीला तर मुळीच चालत नाही.

मागची_सीट · ९ जुलै

इथे सगळे स्टिअरिंगमागून लिहीत आहेत, म्हणून मागच्या सीटवरून दोन गोष्टी सांगते. आमच्या घरच्या गाडीला हौसेने असा बार बसवला गेला आणि वळणावरचा कल कमी झाला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. मात्र खड्ड्यात एकच चाक गेले, की आधी एका बाजूला बसणारा धक्का आता दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि मान डावी-उजवीकडे हिसकली जाते. आपल्या गावांतले गतिरोधक रस्त्याला काटकोनात असते तर प्रश्न नव्हता, पण ते बहुधा तिरके असतात, त्यामुळे चाके एकामागून एक चढतात आणि लेथवाल्या दादांनी सांगितलेला तो पीळ नेमका तिथे बसतो.

आईंच्या मळमळीबद्दल म्हणाल, तर माझ्या सासूबाईंची तीच तक्रार होती. त्यांना पुढच्या सीटवर बसवून समोरच्या रस्त्याकडे पाहायला सांगितले, आणि आमच्या यजमानांना वळणात शिरल्यावर ब्रेक दाबण्याऐवजी शिरण्याआधीच वेग कमी करायला लावले. यासाठी वर्कशॉपमध्ये जावे लागले नाही.

वडाप · ९ जुलै

खानापूर-जांबोटी वडाप जीपमध्ये मागे लोंबकळणारी पाच-सहा माणसे वळण आले की एकजुटीने आतल्या बाजूला झुकतात. तो आमचा अँटी-रोल बार. त्याला ना बुश लागतात, ना ग्रीस.

तिसरे_गेट · १० जुलै

आणि त्याचा ताठरपणा दर थांब्याला बदलतो.

कागदपत्रे_केए२२ · १० जुलै

पासिंगचा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. प्रमाणपत्रावर अँटी-रोल बारचा रकाना नसतो, म्हणून अनेकजण निश्चिंत असतात. तरीही मी दोन गोष्टी सुचवीन. बदल करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच जपून ठेवावी. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली वाकून पाहतो, तेव्हा त्याला ती वस्तू पहिल्यांदा दिसणे आपल्या हिताचे नसते.

उद्यमबाग_लेथ · ११ जुलै

एक इशारा द्यायचा राहिला. धागाकर्त्यांच्या मेस्त्रींनी जर 'बीमलाच पट्टी वेल्ड करतो, काम स्वस्तात होईल' असे सुचवले असेल, तर हात जोडून नकार द्यावा. टॉर्शन बीमचा मधला भाग उघड्या पन्हळीसारखा असतो, आणि तो उघडा असतो म्हणूनच त्याला सहज पीळ बसतो. वास्तविक तोच तुमच्या गाडीचा मागचा मूळ अँटी-रोल बार आहे. त्या पन्हळीच्या तोंडावर पट्टी वेल्ड करून ती बंद केली, की तिची नळी होते आणि तिचा ताठरपणा कित्येक पटींनी वाढतो. किती पटींनी, हे वेल्ड करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्यातच वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होते आणि तडा तिथूनच सुरू होतो. बीमला भोके पाडण्याबाबतही माझे हेच मत आहे. अशी वेल्ड केलेली एक गाडी माझ्याकडे तडकलेल्या बीमसह आली होती, आणि तो बीम दुरुस्त करून मागणाऱ्या मालकाला मी नवा बीम घ्यायला लावला.

कणकुंबीमार्गे · २४ ऑगस्ट

सर्वांचे मनापासून आभार. मेस्त्रींनी खरोखरच वेल्डिंगचा प्रस्ताव ठेवला होता. तो मी नाकारला.

तिसरे_गेट यांच्या यादीप्रमाणे तपासणी केली. मागचा उजवा शॉकअप तेलाने माखलेला होता, बीमचा एक बुश फाटलेला होता आणि पुढचे दोन्ही टायर सहा वर्षांचे निघाले. चारही शॉकअप, दोन्ही बुश आणि चारही टायर बदलले. खर्च बारच्या कित्येक पट झाला. गाडी आता झोकांड्या खात नाही आणि ओल्या रस्त्यावरही नाक पूर्वीसारखे पळत नाही. तरीही लांब वळणावर ती कलते आणि थोडी जड वाटते, म्हणून माझ्या मॉडेलसाठी मिळणारा सर्वांत पातळ बार मी मागवला आहे. जांबोटीकरांचा अनुभव वाचल्यामुळे तो पावसाळा संपल्याशिवाय बसवणार नाही.

निपाणी_नाका · २४ ऑगस्ट

माझाही एक कबुलीजबाब. हा धागा वाचल्यानंतर मागचे टायर पाहिले. ते पुढच्यांपेक्षा बरेच झिजलेले होते. या आठवड्यात बदलून घेतो.

कणकुंबीमार्गे · १९ नोव्हेंबर

बार बसवला, आणि एक विचित्र अडचण आली आहे. उजव्या वळणावर गाडी अगदी हवी तशी, हलकी आणि नेमकी वळते. डाव्या वळणावर मात्र ती आधीसारखीच, कदाचित किंचित अधिकच जड वाटते. टायरमधली हवा सारखी आहे. अलाइनमेंट करणाऱ्याने पुढची चाके बरोबर असल्याचे सांगितले आहे. बार सदोष आला असेल का?

निवृत्त_मास्तर · १९ नोव्हेंबर

बार बसवताना गाडी कशी उचलली होती?

कणकुंबीमार्गे · २० नोव्हेंबर

एका बाजूला जॅक लावून, डावे मागचे चाक काढून. उजवे चाक जमिनीवरच होते.

निवृत्त_मास्तर · २० नोव्हेंबर

मग बारमध्ये दोष नाही. एक चाक लोंबत आणि दुसरे जमिनीवर असताना बीमला आधीच पीळ बसलेला होता. त्या स्थितीत सरळ बार त्याला घट्ट आवळला, म्हणजे गाडी खाली टेकताच बीम सरळ झाला आणि बार पिळला गेला. आता तो सपाट रस्त्यावरही एका बाजूला जोर लावत उभा आहे, म्हणून चार चाकांवरच्या भाराची वाटणी तिरपी झाली आहे.

बोल्ट सैल करून गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करावी, मागची बाजू दोन-चार वेळा दाबून सोडावी, आणि गाडी तशीच उभी असताना, खालच्या खड्ड्यात उतरून, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) माहितीपत्रकातल्या आकड्याप्रमाणे बोल्ट आवळावेत. हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी आणि सायलेन्सरचा पाइप यांना बार कुठे घासत नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. शेदोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

उद्यमबाग_लेथ · २० नोव्हेंबर

आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये असा खड्डा आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन या, टॉर्क पाना माझ्याकडे आहे.

कणकुंबीमार्गे · २ डिसेंबर

लेथवाल्या दादांच्या उपस्थितीत काम झाले. बोल्ट सैल करताच बार 'टण्ण' असा आवाज करून जागचा हलला, आणि खड्ड्यात उभे असलेले आम्ही तिघेही एकाच वेळी मागे सरलो. आता डावे आणि उजवे वळण सारखे आहे. काल म्हापशाला जाऊन आलो. स्टिअरिंग पूर्वीइतके वळवावे लागत नाही, मात्र एकेरी खड्ड्यात मागून बसणारा हिसका थोडा वाढला आहे, हे मागची_सीट यांचे निरीक्षण तंतोतंत खरे आहे.

आईला मळमळ झाली नाही. मात्र ती आता पुढे बसते, त्यामुळे बारचे श्रेय तिला मान्य नाही.

मागची_सीट · २ डिसेंबर

त्यांचेच बरोबर आहे.